या वेळी मी जागेवर आहे

मी पाठीमागून बोलतोय. लढाऊ विमानात वैमानिकाच्या खुर्चीमागे बसवलेला, बोटभर जाडीचा पोलादी पत्रा मी.

एकाच भट्टीतून आम्ही वीस भावंडं निघालो. त्यातल्या एकाला मैदानात उभं करून गोळ्या घातल्या. तो टिकला, म्हणून आम्ही बाकीचे पास झालो. जन्मताच हे पाहिल्यामुळे मला थट्टामस्करी फारशी जमत नाही.

माझा पहिला वैमानिक उतावळा, पण मनाने निर्मळ. “मिस्त्रीकाका, ही धोंड कशाला माझ्या गळ्यात? काढा ना! विमान कसं भरभर चढेल बघा.” विमानाची देखभाल करणारे मिस्त्रीकाका आधी नको म्हणाले. पण पोरगा लाडका. त्यांनी माझे चारही बोल्ट सोडवले आणि मला शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं. त्या दुपारी विमान खरंच झपकन वर गेलं. काकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी ते कसंबसं उतरलं. पोरगा खुर्चीतून उठलाच नाही. खुर्चीच्या पाठीला एकच भोक होतं, आणि तिथेच तर माझी जागा होती.

काकांनी मला पुन्हा बसवलं आणि बोल्टांची टोकं हातोडीने ठोकून चपटी केली. आता कुठलाच पाना चालणार नव्हता.

दुसरा वैमानिकही तेच म्हणाला. “निघत नाही, साहेब. गंज धरलाय,” काका मान वर न करता म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. कान लालबुंद झाले.

मग माझी पाळी आली. गोळी शेपटीकडून आली, विमानाचा पातळ पत्रा फाडताना कलंडली आणि आडवी होऊन माझ्यावर आदळली. मला खोल खड्डा पडला, पण ती पलीकडे गेली नाही. मी घाबरलो होतो, कबूल करतो.

उतरल्यावर वैमानिकाने खड्ड्यावर तळहात ठेवला. “काका, गंज बरा धरला होता हो!”

काका हसले नाहीत. चाकापाशी मटकन बसले. “त्यालाही नाही म्हणायला हवं होतं रे,” म्हणत ढसाढसा रडले.

लढाई संपली, विमान भंगारात निघालं. काकांनी छिन्नीने बोल्ट तोडून मला घरी आणलं. आता मला खरोखरच गंज चढतोय. काकाही थकलेत. संध्याकाळी स्टूल ओढतात आणि मला पाठ टेकून बसतात. त्यांच्या पाठीची हाडं मला लागतात.

तुमच्याही पाठीमागे कुणी असेल. त्याला ओझं म्हणू नका, एवढंच मागणं.

टेका, काका. या वेळी मी जागेवर आहे.