आपोआप न सुटलेली साखळी

मी एक जुनी साखळी आहे. अंगावर गंज चढला आहे, मधली एक कडी वेल्डिंगने सांधलेली आहे, आणि खरं सांगायचं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. पण मित्रांनो, माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट गावात अजून सांगितली जाते. ती खोडून काढल्याशिवाय भंगारात जायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

१९८१ साली केदारखेड्याच्या रखमाजींनी मला जालन्याच्या मस्तगड बाजारातून आणलं. त्यांचा एक गोऱ्हा दर आठवड्याला दावं तोडून लोकांच्या ज्वारीत शिरायचा. माझ्यापुढे त्याची मात्रा चालली नाही. पोळ्याला त्याच्याबरोबर मलाही हळदकुंकू लागायचं. ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे गोऱ्हा विकला आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर लटकत राहिले.

१९८७ साली रखमाजींचा धाकटा मुलगा सर्जेराव बदलला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याची झोप उडाली. भाकरीत कुणीतरी काही कालवलंय म्हणून तो ताट सरकवायचा. समोर कुणी नसताना उत्तरं द्यायचा.

"आई, भिंतीच्या पल्याड मान्सं माझ्यावरच बोलून राह्यली," एकदा तो दुर्गाबाईंना म्हणाला. "तुला आयकू येत न्हाई का?"

दुर्गाबाई भिंतीपलीकडे जाऊन बघून आल्या. तिथे नुसता कडबा रचलेला होता.

गाव मात्र लगेच शहाणं झालं. कुणी भानामती म्हणालं, कुणी आईबापाचं पाप काढलं. लग्न लावून द्या, येईल ठिकाणावर, असंही सुचवून झालं. शेवटी रखमाजींनी त्याला लांबच्या एका देवाच्या ठाण्यावर नेलं. तिथल्या बाधा उतरवणाऱ्या जाणत्याची रीत ठरलेली होती. पोराला खांबाला साखळीने बांधायचं. बाधा गेली की साखळी आपोआप गळून पडते. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. रखमाजींनी मला खुंटीवरून काढलं.

मित्रांनो, मी लोखंड आहे. कुलूप लावलं की बंद आणि किल्ली फिरवली की उघडं, एवढंच मला कळतं. रोज सकाळी लोक यायचे आणि आधी माझ्याकडे बघायचे. गळली का, गळली का? त्या पोराचा रात्री डोळ्याला डोळा लागला का, हे कुणी विचारलं नाही. त्याच्या घोट्याची साल मी सोलत होते. मला लाज वाटायची, पण लोखंडाच्या लाजेला कोण विचारतो.

सात महिने तो मला दगडावर घासत राहिला. घासून घासून एक कडी झिजली आणि वैशाखात तुटली. झालं! साखळी गळाली म्हणून गूळ वाटला, माझ्या तुकड्यांना हार घातला. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो सगळा खोटा होता. सर्जेरावच्या कानातली माणसं अजून बोलतच होती. घरी आणल्यावर नवव्या दिवशी तो नाहीसा झाला. चार दिवसांनी अंबडच्या बसस्थानकावर सापडला, तेव्हा पायांची चाळण झाली होती.

जाणत्याने सांगितलं, साखळीला कुणाचा तरी हात लागला असेल, पुन्हा बांधा. रखमाजींनी मला सांधून आणलं. या वेळी घरच्याच गोठ्यात, त्याच पायात मी बसले.

घोट्याची जखम चिघळली. मलमपट्टीसाठी दवाखान्यातल्या सत्यशीला सिस्टर आल्या. त्यांनी जखम धुतली आणि पोराला झोप लागते का, काही ऐकू येतं का, असं त्यालाच विचारलं. दोन वर्षांत त्याला विचारणाऱ्या त्या पहिल्याच. रखमाजी म्हणाले, बाई, तुम्ही पायाचं तेवढं बघा.

"पायाचं बघतेच काका," त्या म्हणाल्या. "पण मेंदूबी शरीरातच असतो. त्यो बी आजारी पडतो, आन् त्याला बी औषध असतंय."

दुर्गाबाईंनी हळूच विचारलं, माझ्या हातून काही चुकलं का? सिस्टरांनी नाही म्हणून सांगितलं. कधी असा आजार घराण्यात असतो, कधी जागरणाने, मनावरच्या ताणाने किंवा नशेने उसळतो, कधी कारण सापडतच नाही. पण तो कुणाच्या पापाने होत नाही आणि करणीनेही होत नाही. जालन्याला मोठ्या दवाखान्यात या आजाराचे डॉक्टर आहेत, उद्याच चला.

रखमाजी अडून बसले. साखळी गळाल्याशिवाय सोडायची नाही. तेव्हा दुर्गाबाईंनी कनवटीची किल्ली काढली.

"एकदा गळाली, तव्हा काय झालं?" त्या म्हणाल्या. "लोखंड आपोआप सुटत नसतंय. मीच बांधू दिलं, आता मीच सोडते."

दोनदा किल्ली चुकली. तिसऱ्यांदा मी उघडले. माझ्या आयुष्यातलं हे एकच काम मला मनापासून आवडलं.

जालन्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी जादू झाली नाही. आधी झोप आली, मग भूक, आणि आवाज विरळ व्हायला दोन-तीन महिने गेले. एका दिवाळीत, आता बरा आहे म्हणून त्याने गोळ्या आपल्या मनानेच सोडल्या आणि आवाज परत आले. तेव्हापासून तो सोडत नाही. लोक अजून त्याला मागून 'येडा सर्जा' म्हणतात. ते शब्दही माझ्यासारखेच काचतात.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी कुणी असं बदललं, तर हसू नका, बांधू नका आणि आपोआप सुटायची वाट बघू नका. त्याला विचारा, आणि डॉक्टरांकडे न्या.

या सगळ्याला बरीच वर्षं झाली. दर महिन्याला सर्जेराव सायकलवर फाट्यापर्यंत येतो आणि गोळ्या आणायला जालन्याची एसटी धरतो. सायकल चहाच्या टपरीच्या खांबाला माझ्यानेच बांधून ठेवतो. कुलूप ओढून बघतो, आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकतो.