अहिंसक घरातली शिंगाची फणी

मी फणी बोलतेय. शिंगाची फणी, म्हशीच्या शिंगाची. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या मालकिणीला ते वर्षानुवर्षं कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारायची तसदी घेतली नाही.

ती म्हैस आपल्या मरणाने मेली की कोणी मारली, ते मला विचारू नका. शिंगाला सांगून कोणी कापत नाही. धुळ्याच्या एका कारागिराने ते शिंग उकळत्या पाण्यात मऊ केलं, दाबून सपाट केलं, दोन्ही बाजूंना बारीक दात पाडले आणि तेल चोळून मला अशी काळीभोर केली की माझी मलाच ओळख पटेना. तिथून मी सारंगखेड्याच्या यात्रेत एका फेरीवाल्याच्या पाटीत जाऊन पडले.

यात्रेत दोंडाईच्याच्या द्रौपदाबाई आल्या. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, आणि चेहऱ्यावर असा भाव की पृथ्वीवरचं सगळं पाप आपल्याला चुकवूनच चाललंय. मला उचलून त्यांनी विचारलं, "कसानी शे रे ही?"

"शिसवीनी, अक्का. अस्सल," तो म्हणाला.

झालं! एवढ्या एका शब्दावर मी पवित्र झाले. नाकाला लावून पाहिलं नाही, नखाने खरवडून पाहिलं नाही. माणसाला जे ऐकायचं असतं ते सांगणारा भेटला की त्याला दुकानात दुसरं काही बघायचं नसतं.

द्रौपदाबाईंच्या घरी जीवहत्या वर्ज्य. कांदा-लसूण नाही, अंड्याचं टरफल रस्त्यात दिसलं तरी लुगडं सावरून पलीकडच्या बाजूने जायचं. तरी डोक्यात उवा होत्याच, उवांना काय माळ दिसते! रोज दुपारी ओट्यावर त्यांची सून कलाबाई मला घेऊन बसायची आणि सासूचं डोकं विंचरायची. निघालेली ऊ मारायची नाही, असा सासूचा हुकूम. ती कापसाच्या बोळ्यात धरायची आणि शेजारच्या भागाबाईच्या भिंतीशी नेऊन सोडायची. डोक्याबाहेर ऊ जगते थोडीच? मरायची ती मरायचीच, पण भागाबाईच्या हद्दीत मरायची. तेवढ्याने द्रौपदाबाईंना झोप छान लागे.

कलाबाई धुळ्याची. नवरा आधार मिरचीच्या अडतीवर कामाला, आणि आईसमोर त्याला वाचा नाही. तिचे केस कमरेखाली जात. तिची एकच चैन होती. भाऊ भेटायला आला की धुळ्याहून एक वासाचा साबण आणायचा, त्याने ती आठवड्यातून एकदा केस धुवायची. त्या दिवशी तिच्या केसांतून फिरताना मलासुद्धा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग ते त्र्याऐंशी साल आलं. वनस्पती तुपाच्या डब्यांत चरबी निघाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि अख्ख्या गावाने नाक धरलं. कोणी डबे गटारात ओतले, कोणी बिस्किटं गुरांपुढे टाकली. जी माणसं काल बोटं चाटत होती ती आज ओकाऱ्या काढत होती. अशा वेळी व्यापाऱ्याला गाव हुंगत यावं लागत नाही, गावच त्याची वाट बघत बसतं.

तसे आले जळगावचे रुपचंदभाऊ. पांढरं धोतर, खांद्याला पिशवी, पिशवीत 'अहिंसा केश साबण'. वेष्टनावर हसणारं हरिण आणि खाली छापलेलं: 'शुद्ध वनस्पतीजन्य. एकाही जिवाला न दुखवता तयार.' हरणाला विचारून छापलं असेल बहुतेक.

कलाबाई तेव्हा सासूचं डोकं विंचरत होती, म्हणून मला सगळं समोर दिसलं. रुपचंदभाऊंनी ओट्यावर बैठक मारली, गल्लीतल्या बाया जमवल्या आणि निखारे मागवले. "ताई, चरबी ओळखायची सोपी खूण सांगतो. साबणाचा तुकडा निखाऱ्यावर टाका. चरबी असेल तर घाण सुटेल. नसेल तर देवघरासारखा वास येईल."

आधी त्यांनी पिशवीतून आपला साबण काढला, सहज खिशात हात घातला आणि तुकडा टाकला. कापराचा घमघमाट सुटला. सुटणारच, खिशातला कापूर त्यांनी बोटांनी चुरून तुकड्याला फासला होता. मग घरातला साबण मागितला. द्रौपदाबाईंनी कलाबाईचाच आणला. तो निखाऱ्यावर चरचरला, काळा धूर झाला, बाया पदर नाकाला लावून मागे सरल्या. अहो, कुठलाही साबण विस्तवावर टाकला तर काय अत्तर होणार आहे? पण तेवढा विचार कोण करतो!

"चरबी!" रुपचंदभाऊ म्हणाले. इतक्या हळू आवाजात म्हणाले, जणू त्यांनाच दुःख होतंय.

द्रौपदाबाई माळ मुठीत धरून ओरडल्या. "चरबीवालं डोकं लिसन मना घरमा सैपाक करस ही! आजपाईन हिनी चूलले हात लावाना नई. आधार, सकायनी गाडीवर हिले माहेरले घाली ये."

आधार दारात उभा होता. त्याने खाली बघितलं आणि अंगठ्याने जमीन उकरली. कलाबाईने त्याच्याकडे बघितलं. तो काही बोलेल असं तिला क्षणभर वाटलं असावं. मला वाटलं नव्हतं. मी त्याचंही डोकं विंचरलं होतं, आत काही हलत नसे.

केसांच्या साबणापायी एका बाईचा संसार उठत होता आणि जमलेल्या बाया 'अहिंसा' हातात घेऊन हरिण बघत होत्या. माझा संताप झाला. पण फणीने संतापून काय करायचं, दात खायचे?

कलाबाई रडली नाही. तिच्या हातात मी होते. तिने मला वर धरलं आणि म्हणाली, "मना साबण टाकी देखा. आते तुम्हनी फणी बी टाकी देखा, आत्याबाई."

"फणीले काय व्हयनं? ती लाकूडनी शे!"

"मंग घाबरस कसाले, अक्का?" भागाबाई म्हणाली. भिंतीशी सोडलेल्या उवांचा हिशेब ती मनात ठेवूनच होती.

कलाबाईने माझा कडेचा दात कटकन मोडला. दुखलं. तो निखाऱ्यावर पडला, फुगला, वेडावाकडा झाला, आणि जळक्या केसांची, जळक्या खुराची अशी दुर्गंधी सुटली की ओट्यावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. हा वास खेड्यात कोणाला ओळखायला शिकवावा लागत नाही.

"केसांचा मळ असेल तो, ताई," रुपचंदभाऊ घाईने म्हणाले.

कलाबाईने मला राखेने घासलं, पाण्याने धुतलं, पदराने पुसलं आणि दुसरा दात मोडला. पुन्हा तोच वास.

"शिंगनी शे वं माय!" भागाबाईने कपाळावर हात मारला. "द्रौपदाक्का, इतला वरीस तुना डोकावर म्हैसनं शिंग फिरनं. आते तू बी जाय माहेरले!"

बाया अशा हसल्या की बोलता सोय नाही. द्रौपदाबाई पांढऱ्या पडल्या. कलाबाई रुपचंदभाऊंकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुम्हना साबण आते मीच टाकस. मझारला तुकडा, वरला नई." पण भाऊंना अचानक भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची आठवण झाली. पिशवी आवरून ते स्टेशनकडे असे निघाले की वहाणेचा अंगठा तुटला तरी थांबले नाहीत.

सुनेला माहेरी पाठवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पण द्रौपदाबाई चूल सोडीनात. आपणच धुरात डोळे पुसत भाकरी थापायच्या, आणि कलाबाईने घरात पाहुण्यासारखं ताटावर बसायचं. मला त्यांनी चिमट्याने उचलून उकिरड्यावर फेकलं, तिथून कलाबाईने मला गुपचूप आणून धुतलं. आणि 'अहिंसा'? तो राहिला ना! कापराचा वास सुटला तेव्हाच द्रौपदाबाईंनी डझनभर घेऊन ठेवला होता, वाया कसा घालवायचा? त्याच साबणाने द्रौपदाबाई न्हात होत्या. त्या ओल्या केसांतून मी पुढे पुन्हा फिरले, कशी ते सांगतेच, तेव्हा मला वास आला. ओळखीचा, घरचा वास. माझ्याच म्हशीच्या भावकीतली चरबी होती ती, हरणाच्या चित्राखाली बसलेली.

वाचणाऱ्या बाबांनो आणि बायांनो, तुम्ही माझ्या मालकिणीला हसलात, बरं केलंत. पण तुमच्या न्हाणीतल्या बाटलीवरही कोणीतरी पान काढलंय, हरिण काढलंय. ते कोणी काढलं, आत काय आहे, हे एकदा तरी विचारा. माझं सोडा, मी मेलेलीच आहे. जिवंत जनावरांसाठी विचारा.

आता शेवटचं सांगते आणि गप्प बसते. आधारने आईसाठी प्लास्टिकचा कंगवा आणला होता. त्याच्या रुंद दातांतून उवा आरामात निघून जायच्या. द्रौपदाबाईंनी आठवडाभर डोकं खाजवलं, कानशिलं लाल केली, रात्रंदिवस चिडचिड केली. मग एका दुपारी त्या येऊन कलाबाईसमोर पाठ करून बसल्या आणि अंबाडा सोडला.

"ती फणी शे ना तुन्हाकडे?"

"शे."

"मंग डोकं इचर ना."

कलाबाईने मला केसांच्या टोकाशी धरलं आणि हात थांबवला. "पहिले सांगा आत्याबाई, चूल कोनी, तुम्हनी का मनी?"

द्रौपदाबाईंनी माळेचा मणी ओढला. एक ऊ कानामागून सावकाश चालत निघाली. त्यांनी खाजवायला हात वर केला, कलाबाईने तो धरून खाली ठेवला.

"तुनी शे वं माय, तुनीच शे! आते तरी इचर!"

तेव्हा कलाबाईने मला केसांत घातलं आणि चांगलं दाबून ओढलं. द्रौपदाबाई कळवळल्या, पण उठल्या नाहीत.