खोलीतली रेघ

लियाओ सुयिंगने रेडिओ लहरी मोजणाऱ्या यंत्राची ऐकण्याची वेळ वाढवली, तसा पडद्यावरचा जाड उंचवटा दुभंगला. मोठ्या शिखराला खेटून दुसरी बारीक रेघ उभी राहिली.

"पुन्हा नापास. रिमोटमधून एकच सूर निघायला हवा, इथे दोन आहेत," ती म्हणाली.

क्रेनचे रिमोट बनवणारा कांग उसळला. "मागच्या खेपेलाही तूच नापास केलंस, बाई! अख्खा माल भंगारात घातला मी. आता हाही गेला तर कारखान्याला टाळं लागेल. डोळे आहेत की भोकं?"

"डोळ्यांचं काम नाही, मालक. थोडाच वेळ ऐकलं की दोन सूर एकात मिसळतात. वेगळे काढायचे तर जास्त वेळ ऐकावं लागतं."

"मला शिकवू नकोस!"

"नापास म्हणजे नापास," प्रयोगशाळेचे प्रमुख चुआंग चहाचा घोट घेत म्हणाले. तैवानमधल्या या शिंचू शहरात गिऱ्हाईक रडलं म्हणून कुणाचा चहा थांबत नाही.

कांग तरातरा चाचणीच्या जाड भिंतींच्या खोलीत शिरला. रिमोटची बॅटरी उपटून बाहेर आला आणि दार आपटलं. "घे! मारला त्याला! आता काढ खोट!"

मोठं शिखर कोसळलं. बारीक रेघ जागची हलली नाही.

"हे काय आहे?" कांगने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

सुयिंगला कळलं: रेघ रिमोटची नव्हती, खोलीतलीच होती. रिमोट आत ठेवण्याआधी रिकामी खोली ऐकायची असते. 'वेळ खातं' म्हणून चुआंगसाहेबांनीच ते बंद केलं होतं, आणि तिनेही मुकाट बंद केलं होतं.

चुआंगनी कप ठेवला, पुढे वाकून ऐकण्याची वेळ स्वतःच कमी केली. तळाची खरखर वर चढली, रेघ तिच्यात बुडाली.

"बघा, काही नाही. सुयिंग, यांना पास लिही. मागचं कुणी उकरायचं नाही."

सुयिंगने वेळ पुन्हा वाढवली. रेघ वर आली.

"खोलीचा दोष लिहिणार. मागची चूकही लिहिणार, साहेब."

मग तिने यंत्राच्या डोक्यावरचं खाऊचं हिरवं पाकीट उचललं. यंत्रानं गुण्यागोविंदानं वागावं म्हणून ते ठेवायचं आणि कधी फोडायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तिने ते टरकन फाडलं आणि कांगपुढे धरलं.

चुआंगचा चेहरा पांढरा पडला.

"वेड लागलं का तुला? यंत्र बिघडेल ना!"