एकाच खोक्यातल्या आठ डिस्क

दिंडोरी रस्त्यावरच्या त्या द्राक्ष निर्यात कंपनीत जीवन अकरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता, आणि आठ महिन्यांपूर्वी मनमाडहून आलेल्या हर्षालीचा त्याला मनापासून हेवा वाटत होता. आडपडदा कशाला ठेवायचा! मालक शेखरभाऊ पूर्वी "जीवनला विचारा" म्हणायचे, आता ऊठसूट "हर्षाली काय म्हणते?"

सर्व्हरच्या आठही डिस्क जीवनने चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या मुहूर्तावर एकाच खोक्यातून आणल्या होत्या, हळदकुंकू वाहून बसवल्या होत्या. एखादी गेली तर उरलेल्या सात सांभाळून घेतात; दोन गेल्या की सगळंच बुडालं.

"सर, एका लॉटच्या डिस्क म्हाताऱ्याही बरोबरच होतात," हर्षाली म्हणाली होती. "दोन-तीन आत्ताच बदलू या."

"मुहूर्ताच्या वस्तूला हात लावायचा नाही." मुहूर्ताचं निमित्त; हे तिला सुचलं, आपल्याला नाही, हेच त्याला झोंबलं होतं.

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, एक डिस्क गेली. जीवनने ऐटीत नवी बसवली. तिच्यात माहिती भरायला बाकीच्या सात सकाळपासून राबत राहिल्या, आणि दुपारी त्यांतल्या एकीने मान टाकली. प्रत्येक बागेच्या फवारणीच्या नोंदी, तपासणीचे अहवाल, सगळं गेलं. जीवनला दरदरून घाम फुटला. आता नोकरी जाणार, आणि खुर्चीवर ही बसणार!

शेखरभाऊ धावत आले. "काय करून बसला रे हे? नोंदींशिवाय कंटेनर कसा सुटंल?"

"भाऊ, कालपर्यंतचं शाबूत आहे," हर्षाली म्हणाली. "मी रोज संध्याकाळी वेगळ्या डिस्कवर कॉपी काढते. जीवन सरांनीच सांगून ठेवलंय."

जीवनने असलं काहीही सांगितलं नव्हतं.

शेखरभाऊंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी जीवनच्या पाठीवर थाप मारली. "बघ पोरी, जुनं ते सोनं. शिकून घे यांच्याकडून."

"शिकतेच आहे, भाऊ."

जीवनने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. औषधालाही नव्हता. नोकरी वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो काही झाला नाही. कामात ती पुढे होतीच. आता मनाच्या मोठेपणातही तिने त्याला मागे टाकलं होतं, आणि तेही सहज, मुद्दाम न ठरवता. खरं बोलून टाकलं असतं तर निदान तिथे तरी बरोबरी झाली असती.

"हो," तो म्हणाला, "मीच सांगितलं होतं."