बिनआवाजाच्या चार टाळ्या

आंधळ्यांच्या लांब उडीत एक माणूस वाळूच्या पलीकडे उभा राहून टाळ्या वाजवतो आणि आम्ही त्या आवाजाच्या रोखानं जीव खाऊन धावतो. माझा तो माणूस म्हणजे नोनोमुरा-सान. लाकडाच्या वखारीत त्यांची डावी करंगळी गेली होती. आमच्याकडे जपानात करंगळी छाटलेली असते ती गुंडांची, त्यामुळे सार्वजनिक न्हाणीघरात लोक त्यांना मुकाट्यानं जागा करून देत आणि हे महाशय ऐटीत गरम पाण्यात बसत. टाळीलाही त्या नसलेल्या करंगळीमुळे एक पोकळपणा आला होता. हजारांत मी ती ओळखली असती.

आम्ही इझुमोचे. बाकीचा देश देवळात दोन टाळ्या वाजवतो, आम्ही चार. नोनोमुरा-सान मलाही चारच वाजवत, जरा थांबत, पुन्हा चार.

"मी काय देव आहे?" मी एकदा विचारलं.

"देव बोलावल्यावर येतोच असं नाही. तू मुकाट्यानं ये."

त्या आवाजामागे धावत मी दोन पॅरालिम्पिक केली, एकदा ब्रॉंझ आणलं. एरवी माझं आयुष्य मालिशच्या दुकानात लोकांच्या पाठी रगडण्यात गेलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हिवाळ्यात नोनोमुरा-सान गेले. अंत्यविधी आमच्या जुन्या देवधर्माप्रमाणे झाला. त्यात मयतापुढे टाळ्या वाजवतात त्या बिनआवाजाच्या. आधी दोनदा वाकायचं, मग तळहात जवळ आणायचे आणि टेकायच्या आत थांबायचं, शेवटी एक नमस्कार. डोळस माणसं हे लहानपणापासून बघतात, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. मला तरी कोण सांगणार? माझ्या पुढच्यांच्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत, मला वाटलं रडण्यात बुडाल्या असतील. माझी पाळी आली. मी देवाच्या झाडाची फांदी मयतापुढे वाहिली आणि देवळात वाजवते तशा चार टाळ्या खणखणीत वाजवल्या.

मागून कुणी म्हातारी पुटपुटली, "अगं बाई! गेलेल्याला हाक मारली हिनं." कुणीतरी दंड धरून मला मागे ओढलं. शेवटचा नमस्कार राहूनच गेला.

वसंतात वाकाना माझी नवी टाळीवाली झाली. शाळेत कवायत शिकवणारी मुलगी, तोंडाचा पट्टा चालू. पहिल्याच सरावाला तिच्या चार टाळ्या झाल्या, आणि तिच्याही मागून आणखी चार आल्या. पोकळ. माझे पाय आधीच धावत सुटले होते. मी त्या लांबच्या आवाजाकडे झेप घेतली.

"चिसेताई, पंख फुटले की काय तुला?" वाकाना किंचाळली. "वर्षभरात एवढी उडी नव्हती मारलीस!"

"तुझ्या मागे कोण आहे गं?"

"मागे? कुंपण. त्याच्या मागे तळं. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

भीती वाटली, हे खरं. पण आनंदही झाला. चाळिशी आली होती. जूनमधली पॅरालिम्पिकची निवड चाचणी हुकली तर माझं धावणं संपलं, हे सगळे जाणून होते, फक्त तोंडावर बोलत नव्हते. मग मदत कुठून येतेय ते मी कशाला विचारू? टाळ्या रोज थोड्या लांबून येऊ लागल्या, कुंपणापलीकडून, मग पाण्यावरून. माझी उडी वाढत गेली.

एके दिवशी नोनोमुरा-सानच्या पत्नी, सुमिएकाकू, दुकानात पाठ दाबून घ्यायला आल्या.

"पन्नासाव्या दिवसाचा विधी झाला," उशीत तोंड खुपसून त्या बोलत होत्या. "त्यानंतर गेलेलं माणूस घरचा देव होऊन घरी येतं ना? हे आलेच नाहीत गं. देव्हाऱ्यापुढे बसलं की रिकाम्या कपाटापुढे बसल्यासारखं वाटतं."

माझे हात थांबले.

"तुझ्याकडे आहेत का, चिसे?"

"काहीतरीच काय काकू!" मी अंगठा जोरात दाबला.

"असतील तर पाठव हो. रोज गरम भात ठेवते मी. नुसता निवून जातो."

मी खोटं बोलले होते आणि त्यांना ते कळलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

निवड चाचणीच्या दिवशी मी फार अधीर झाले होते. एकामागून एक उड्या वाया गेल्या, शेवटची उरली. मैदान चिडीचूप झालं. वाकानानं टाळ्या वाजवल्या. मग पार लांबून ती एक टाळी आली. बऱ्याच वेळानं दुसरी. मग तिसरी, ओल्या कापडासारखी. इस्पितळात शेवटी शेवटी माझी गंमत करायला ते खाटेवरून वाजवत, तशी.

माणूस दमला होता. तरी थांबत नव्हता, कारण मी पोचेपर्यंत टाळी थांबवायची नाही, हा त्यांचाच नियम. बोलावलं मी, आणि अडकले होते ते.

त्या टाळीमागे धावले असते तर माझी निवड नक्की होती. मला जायचं होतं. फार जायचं होतं.

मी दोनदा कमरेत वाकले. मग तळहात जवळ आणले आणि टेकायच्या आत थांबवले. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. तळहातांमध्ये ऊब लागत होती. "घरी जा," मी हळूच म्हटलं. "भात निवतोय."

पलीकडचा आवाज बंद झाला.

"ताई, वेळ संपत आली!" वाकाना ओरडली. शेवटचा नमस्कार पुन्हा राहिला. मी तिच्या टाळ्यांकडे धावले, उडी मारली, आणि हवेत असतानाच कळलं. निवड चार बोटांनी हुकली.

मी वाळूत बसून रडले. तेवढ्यात पंच वैतागला. "पुढे हात कुणी टेकलेत? आत्ताच वाळू सारखी केली होती!"

"कुणीच गेलं नाही हो तिकडे," वाकाना म्हणाली.

मी गुडघ्यांवर पुढे सरकले आणि वाळू चाचपली. दोन पंजे शेजारी शेजारी खोल उमटले होते, आपण गुडघे टेकून निरोपाचा नमस्कार करताना टेकतो तसे, बोटं माझ्याकडे. एका पंजाची बोटं पाच. दुसऱ्याची मोजली, पुन्हा मोजली. चारच.

"ताई ऊठ ना, त्यांना वाळू ओढायचीय."

मी त्या पंजांसमोर माझे हात टेकले आणि कपाळ वाळूला लागेपर्यंत वाकले. या वेळी मला कुणी मागे ओढलं नाही.