दसऱ्याला धुतलेलं सैन्य

टीव्हीवर आखाती लढाई दाखवली आणि जळगाव-धुळ्यात घरोघर सेनापती निपजले. त्यातले खरे दोनच. एक सराफ हस्तीमल शेठ, दुसरे धुळ्याचे त्यांचे मित्र अभिमन नाना. शेठच्या पुतण्यानं दुबईहून काडेपेटीएवढे राखाडी प्लास्टिकचे रणगाडे आणले, सोबत खेळाच्या नियमांचं पुस्तक. झालं. दुकानाच्या माडीवर टेबल मांडलं, बारदानाच्या घड्यांचे डोंगर केले, फासे पडायला लागले.

रंगकाम माझं. मी चुडामण, नंबर प्लेटवाला पेंटर. जळगावचं सैन्य खाकी, धुळ्याचं हिरवं. एका हिरव्या रणगाड्याच्या मागं मी 'अंतर ठेवा' लिहिलं, तर नानांना ते इतकं आवडलं की सगळ्यांवर लिहून घेतलं.

लढायचे कसे, तर शेठ आपला मेलेला रणगाडाही मोडीत धरून बदल्यात नवा मागायचे. नाना दर चालीआधी चहा मागवायचे आणि चहा येईपर्यंत युद्धबंदी.

एकदा फाशावरून जुंपली आणि दोघांच्याही तोंडातून निघून गेलं : जो हरेल त्यानं मिशी उतरवायची. बोलले खरे, पण नानांचा चेहरा पडला. दिवाळीनंतर त्यांच्या पोरीचं लग्न, आणि सोनगीरला धनसिंग आबा, म्हणजे नानांचे वडील, ठणठणीत. बाप जिवंत असताना मिशी काढली म्हणजे बापाला जितेपणीच पोचवला. आबांनी निरोपच धाडला : "मी आजून जित्ता शे. मिशी गयी तं घरमा पाय ठेवू नको."

आता मागं कोण हटणार? जळगाव हटत नाही, धुळं तर त्याहून नाही.

मी म्हटलं, मोठी लढाई आहे, दसऱ्याचा मुहूर्त धरा. सैन्य नवंकोरं रंगवून देतो. दोघं खूश. मी जुना ऑइलपेंट खरवडला आणि शाळेतली पोरं चित्रांना लावतात तो पाण्याचा रंग मारला. दसऱ्याला आपल्याकडे काय करतात, हे काय मला सांगायला पाहिजे?

दसऱ्याच्या सकाळी शेठच्या बायकोनं, प्रेमकुंवर भाभींनी, तराजू धुतला, स्कूटर धुतली, आणि रणगाडेही वाहनच की, म्हणून परातीत घालून नारळाच्या शेंडीनं घासले. हळदकुंकू, वर झेंडूची पाकळी. परात माडीवर आली तेव्हा दोन्ही सैन्यं सारखीच राखाडी.

नाना परातीत वाकले. "यामा मना कोनता? बठ्ठा तं एकच दिखतस."

शेठनी निम्मे अंदाजानं उचलले आणि लढाई सुरू केली. पण जो मेला तो समोरच्याचा, असं दोघंही शपथेवर सांगायला लागले. दुपारपर्यंत घनघोर युद्ध झालं आणि दोघांचाही एकही रणगाडा मेला नाही. निकाल नाही, म्हणून मिशीही नाही. नाना हळूच मिशीवरून हात फिरवत होते, शेठ पण. पण खूश दिसणं शोभत नाही, म्हणून दोघं रागावून गुन्हेगार शोधायला लागले.

भाभींनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"पेंटरभाऊ, तुमची मिशी कुठं गेली?"

आता पकडलो गेलो तर हे दोघं पहिल्यांदा कशावर हात घालणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून सकाळीच न्हाव्याकडे जाऊन आलो होतो. हुशारी!

गुन्हेगार कळला. शेठ धावले, पण नाना इतके हसले की डोळ्याला पाणी. "याले कशाले मारता शेठ? यानी सोतानं सोता करी लिधं."

हसतच घरी निघालो, तर ओट्यावर ही गर्दी. सगळे टोप्या काढून, माना खाली. न्हाव्याच्या दुकानातून बातमी माझ्या आधी पोचली होती. आणि माझा बाप, पितांबर पेंटर, बनियनवर उभा राहून एकेकाला चहाचा कप देत होता. मिशीचा निकाल बघायला सोनगीरहून आलेले धनसिंग आबाही येऊन बसले होते. बाप त्यांना म्हणत होता, "घ्या आबा, घ्या. पोरानं न्हाव्यावर खर्च केलाच आहे, तर माझ्या मौतीचा चहा मीच पाजतो."

मग त्यानं मला बघितलं. कप खाली ठेवला, आणि पायातली काढली.