ब्लॉक केलेले तेरा नंबर

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत मी तेरा नंबर ब्लॉक केले होते.

माझा नंबर वाटला होता मीच. ट्रकला टेकून उभ्या भावेशचा फोटो, गाडीचा नंबर, 'माझे मिस्टर. कुणाला दिसल्यास कृपया कळवा', आणि खाली माझा मोबाईल. भूकंपाच्या मदतकार्याच्या जेवढ्या व्हॉट्सॲप ग्रुपांत शिरता आलं तेवढ्यांत मी हे टाकलं. कळवलं कुणीच नाही. 'हॅलो डियर', 'रडू नका, फोटो पाठवा' असले मात्र येत राहिले.

उत्तरेकडच्या डोंगरात एवढा मोठा भूकंप झाला, तेव्हा आमच्या भिवंडीजवळच्या वडप्यातून सात ट्रक निघाले. लूमवाल्यांनी चादरी दिल्या, गोडाऊनवाल्यांनी ताडपत्र्या. आमची दहाचाकी त्यातलीच, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला भावेश तयार नव्हता. मी नको म्हणत होते. आमची दिशा अकरा महिन्यांची, नुकती पाऊल टाकायला लागलेली.

"लोकं उघड्यावर झोपलीत आणि आपल्या दारात चादरींचे ढीग," तो म्हणाला. "बरं दिसतं का?"

ह्यावर काय बोलणार? मी स्वेटर, चार्जर, तापाच्या गोळ्या भरून दिल्या. कोणती गोळी कशासाठी ते चिठ्ठीवर लिहिलं. तो हसला होता.

ट्रक पोचत असतानाच दुसरा धक्का बसला. मागच्या गाडीवरच्या चांगदेवचा फोन आला.

"वहिनी, भावेश पुढं होता. मधला रस्ता न्हाय आता."

"नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. खाली नदीत गेलाय."

"कोण? रस्ता की ट्रक?"

"रस्ता," म्हणाला. "दिसतोय तेवढा."

पहिले दोन दिवस घरात माणूस मावत नव्हतं. कोन गावाहून नणंद आली, गावातले आले, चहा झाले. तिसऱ्या दिवशी ज्याची त्याची ड्युटी लागली. समोरच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट बदलली की भोंगा वाजायचा आणि दिशा दचकायची. उरलो आम्ही तिघी: मी, दिशा आणि माझ्या सासूबाई. जानकीबाई. त्यांना मी आई म्हणते, पण आमचं बोलणं आमटीत मीठ आणि बाळाचं दूध ह्यापलीकडे फारसं गेलेलं नाही. मी कल्याणची, बी.एस्सी. झालेली. त्या मला बाहेर कौतुकानं आणि घरात वैतागून 'कालेजवाली' म्हणतात.

दर दोन तासांनी मी हेल्पलाईनला फोन करायची. "मैडम, लिस्ट अपडेट हो रही है." लिस्ट पीडीएफमध्ये यायची. जखमींची आधी पाहायची, मग दुसरी. दुसरी मी बाथरूममध्ये जाऊन वाचायची.

त्या दुपारी आई ओट्यावर वाल निवडत बसल्या होत्या. मी दाराशी फोन घेऊन.

"रातचा कोनाचा व्हता?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा नाही. फालतू."

"फालतू म्हंजे?"

"आहे एक गॉगलवाला. बाईकवर बसून फोटो काढलाय. काल दिवसभरात तीनदा तेच तेच. रात्री ब्लॉक केला."

"काय लिवलाय त्याने?"

"काही नाही हो आई. हाय."

त्यांचा हात वालात थांबला. "मंग?"

"मग काय? हाय. एवढंच."

"आगो, मंग हाय ना!"

"आई, तसं नाही. इंग्रजीतलं हाय. हॅलोसारखं."

"इंग्रजीत लिवला कोनी?"

"त्या गॉगलवाल्यानं."

"आन् त्याला सांगला कोनी लिवाला?"

मी ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडली.

भावेश लांबच्या भाड्यावर गेला की नाक्यानाक्यावरून फोन करतो. फोन आई उचलतात. "हायस ना रं?" "हाय." संपलं. मला चीड यायची. कुठे आहेस, जेवलास का, काहीतरी पूर्ण वाक्य बोल ना! आणि माझ्याच फोनवर मी ते तीनदा इंग्रजी अक्षरांत वाचलं होतं आणि तीनदा मला किळस आली होती.

नंबर मोकळा केला आणि फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नाला लागला.

"हाँ जी, रिलीफ कैम्प." आवाज कोवळा, थकलेला.

मी भावेशचं नाव सांगितलं.

"अरे! आप मैडम हैं? ट्रकवाले भैया! ज़िंदा हैं, ज़िंदा हैं. कूद गए थे गाड़ी से. दोनों हाथ में प्लास्टर है, जबड़ा बँधा है. आपका नंबर बोलने में ही उनका दम निकल गया. मैंने पूछा, क्या लिखूँ? बोले, हाय. मैंने कहा, बस हाय? बोले, समझ जाएगी."

"तीन बार आया," मी म्हणाले.

"जवाब नहीं आया तो बोले, फिर भेज. चौथी बार एक ही टिक आया. मैंने कहा, भैया, घर पे नेटवर्क नहीं होगा." तो थांबला. "उन्होंने बस गर्दन हिलाई. फिर कुछ नहीं लिखवाया."

"अब कहाँ हैं? उनको फोन दीजिए."

"सुबह एम्बुलेंस में नीचे गए. दो अस्पताल हैं, किसमें गए वो ड्राइवर को पता होगा. मैं उसको आपका नंबर देता हूँ, शाम तक लौटेगा. आप फोन उठाना बस."

"उनको बोलिए, मैंने..."

"मैडम, पीछे लाइन है, सबको घर बात करनी है." फोन बंद झाला.

आईंना सांगितलं. त्या पदरात तोंड घालून मोठ्यानं रडल्या, मग उठून दिशाला कडेवर घेऊन अंगणभर फिरल्या, ज्याला त्याला हाका मारून सांगितलं. त्यांच्यापुरतं ते झालं होतं. तो आहे. माझ्यापुरतं झालं नव्हतं. कुठल्याशा खाटेवर तो दोन्ही हात बांधून पडलाय आणि त्याला वाटतंय, मी वाचलं आणि गप्प बसले. किंवा त्याहून वाईट: मला समजलंच नाही. हे आईंना कसं सांगू? त्यांना तर स्वतः वाचता न येणाऱ्या फोनवरूनही समजलं होतं.

मी बाकीचे बाराही नंबर मोकळे केले. कुणाच्या नंबरवरून निरोप येईल काय सांगावं. फोन चार्जिंगला लावून त्याच्याजवळच जमिनीवर बसले.

पाच वाजता पहिला वाजला. अंबाडी रोडला प्लॉट घ्यायचे आहेत का.

"तुम्ही कुठून बोलताय?"

"ठाण्याहून, मॅडम. साईट व्हिजिट फ्री आहे."

ठेवला. सहाला कर्जवाली बाई. तिलाही विचारलं, कुठून. ती गोंधळली, म्हणाली, "ऑफिसमधून." ठेवला. मधे एक कुणीतरी नुसताच श्वास घेत राहिला. त्याला मी तीन वेळा "बोला, बोला ना" म्हटलं. तो हसला तेव्हा कळलं.

अंगणात आई शेजारणीला तेच परत सांगत होत्या. फोन पुन्हा थरथरला. अनोळखी नंबर. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत मी उचलला.